दाब, धर, सोड

रविवार, २ मार्च

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस, खोलीला ओल नाही आणि शेजारच्या पलंगावरची मुलगी घोरत नाही, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा घोटा आता बऱ्यापैकी मुडपतो. जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. डॉक्टर म्हणतात, इतका मोडलेला घोटा एवढा आला हेच पुष्कळ. त्यांना काय, त्यांचा थोडाच आहे.

तुझा राखाडी स्वेटर इथंच राहिला. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलाय. उद्याच पार्सल करते, म्हणजे तेवढ्यासाठी तुला परत यायला नको.

फोन का करत नाहीस, असं विचारलंस. अगं, फोनवर तू मध्येच हसतेस आणि मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय आमच्या या लाकडी फळ्यांच्या जमिनीतून वर बोललेलं सगळं खाली गॅरेजमध्ये पडतं. खालचं वर येतं तसंच. ते तर मला चांगलंच ठाऊक आहे. तुझ्या क्लासमधली मुलं कशी आहेत? शिकवताना कंटाळा येतो असं लिहिलंस, पण पहिल्या वर्षी सगळ्यांनाच येतो. चिकटून राहा.

गॅरेज नेहमीसारखंच. सीटवाले काका तुझी रोज आठवण काढतात. शेजारच्या दुकानात गाड्यांची सीटं शिवता शिवता दिवसभर बोलायचं, आणि आता ऐकायला कुणी नाही, त्यामुळे बिचाऱ्यांचे हाल आहेत. ‘धाकट्या बाई गेल्या आणि गल्लीतली शाळा बंद पडली,’ म्हणतात. काल एका गिऱ्हाइकाला सांगत होते, ‘साहेब, मी फोम विकत नाही, मी हवा विकतो. फोम नुसता तिला धरून ठेवायला. बसलात की हवा दबते, उठलात की परत फुगते. दगडावर बसून बघा, म्हणजे कळेल.’ हे तुझंच ज्ञान, काकांच्या तोंडून. गिऱ्हाईक भाव कमी करून मागायला लागलं तेव्हा मात्र गप्प बसले.

हे पण गप्पच आहेत. पहिल्यासारखे. तू येण्याआधी मला कधी जाणवलं नव्हतं की हे गप्प असतात. मला वाटायचं, माणूस कामात आहे.

परवा जेवता जेवता यांनी खिशातून ती सिरिंज काढली. तू औषधाच्या दुकानातून आणलेली, त्यातली एक. तिच्या तोंडावर बोट दाबून धरलं आणि दट्ट्या आत ढकलला. अर्ध्याच्या पुढे गेला. सोडला तसा मागे आला. मग पेल्यातलं पाणी भरलं, परत बोट दाबलं, परत ढकललं. हलेना. ‘बघितलंस?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘बघितलं. भाजी गार होतेय.’ सिरिंज खिशात गेली.

बारके, तुला माहीत आहे तरी लिहिते. लग्न झाल्यापासून कुठल्याही गाडीच्या ब्रेक-ऑइलमध्ये अडकलेली एअर काढायची म्हणजे मी पेडलवर आणि हे चाकाशी. चाकाच्या मागून आवाज यायचा, ‘दाब.’ मी पेडल दाबायची. ‘धर.’ मी धरून ठेवायची, तेवढ्यात हे चाकामागचं निपल ढिलं करणार, नळीतून ऑइल बाटलीत पडणार, त्यात बुडबुडे. निपल परत घट्ट झालं की ‘सोड.’ त्याच्या आधी पाय उचलला तर गाडी बाहेरची हवा आत ओढून घेते आणि सगळी मेहनत पाण्यात. इतक्या वर्षांत मी एकदाही आधी पाय उचलला नाही. एकदाही. ताप असतानासुद्धा.

मग मी ओल्या फरशीवर घसरले, तू धावून आलीस, आणि माझ्या जागी बसलीस. मीच बसवलं तुला. दुसरं होतं कोण? वर पडल्या पडल्या मी ऐकायची. ‘दाब.’ ‘दाबलं!’ ‘धर.’ ‘धरलं भावजी, पण किती वेळ? चहा पिऊन येऊ का?’ आणि हे हसायचे. यांना हसताना असा आवाज येतो हे मला फळ्यांतून कळलं. यांनी ‘दाब’ म्हटलं की माझा प्लास्टरमधला पाय आपोआप खाली जायचा. वेडा पाय.

असो. ‘बारकीला लिही, बारकीला लिही’ म्हणून हे मागे लागले होते, म्हणून आज बसले. तब्येतीची चौकशी, दुसरं काय असणार. उत्तराची घाई नाही. क्लासच्या मुलांना आधी वेळ दे.

तुझी,
ताई


बुधवार, १९ मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार पानं. पहिल्या पानावर माझा घोटा, पुढची तीन पानं भावजींना.

यांना वाचून दाखवलं. हे समोर हात पुसत उभे होते, शाळेतल्या मुलासारखे. तू लिहिलेलं ते मोठ्या बसचं यांना फार आवडलं. छोट्या गाडीच्या नळीत हवेचा बुडबुडा म्हणजे शत्रू, आणि मोठ्या बसला मात्र ब्रेक लावायला मुद्दाम टाकीत हवा ठासून भरतात. कारण जी दबते तीच साठवून ठेवता येते आणि वेळेला उसळून कामाला येते. ‘तिला सगळं उलटंपालटं करून बघता येतं,’ म्हणाले. मग विचारलं, ‘बाकी काही लिहिलंय?’

मी म्हटलं, ‘बाकी काही नाही.’

खरंच नव्हतं. असणार कुठून?

तू लिहिलंस, ‘ताई, मी तिथं असताना तुला माझं काही खुपलं का?’ नाही गं. खुपायचं काय? पण विचारलंसच म्हणून एक गोष्ट सांगते. तू त्या सिरिंजा आणल्यास त्या दुपारी तुला वाटलं मी झोपलेय. मी जागी होते. खाली एकदम सामसूम झाली. पाना नाही, हातोडी नाही, काकांचं मशीनसुद्धा बंद. मला वाटलं कुणाला काही लागलं की काय. प्लास्टरचा पाय पुढे धरून, बसत बसत, एकेक पायरी करत मी जिन्याच्या वळणापर्यंत आले.

तू एका डब्यात बेअरिंगचे मूठभर छर्रे टाकले होतेस आणि डबा हलवत होतीस. ते इकडून तिकडे आपटत होते. ‘ही हवा,’ म्हणालीस. ‘कण थोडे, मोकळी जागा पुष्कळ, आणि सारखी धावपळ. झाकण आत ढकललं तर काय होईल? हे जवळ जवळ येतील, बस्स. जागा आहे ना.’ मग तू तोच डबा काठोकाठ भरलास. ‘आणि हे ऑइल. हेही एकमेकांवरून घसरतात, सांडतात, पण अंगाला अंग लागलेलं. आता ढकला झाकण. जाणार कुठं? अगदीच प्रचंड दाब दिला तर केसभर आत जाईल, पण आपल्या पायाला ते कळायचंही नाही.’ काकांनी विचारलं, ‘आणि लोखंड?’ तू छर्रे रांगेत एकाला एक चिकटवून मांडलेस आणि म्हणालीस, ‘लोखंड असं. जागचे हलत नाहीत, नुसते थरथरतात. यांना तर दाबायला जाऊच नका.’

आणि मग यांचं तोंड, बारके. जुन्या टायरवर बसले होते. मांडीवर डबा. ‘म्हणजे,’ म्हणाले, ‘मऊ पेडल म्हणजे पाय नुसता रिकामी जागा भरत असतो. चाकापर्यंत पोचतच नाही.’ तू टाळी वाजवलीस. हे तुझ्याकडे बघून हसले. मी त्या माणसाबरोबर इतकी वर्षं जेवतेय. तो चेहरा मला कधी दिसला नव्हता.

मी आले तशीच परत बसत बसत वर गेले. चढायला जास्त वेळ लागला.

आता गंमत ऐक. हे सगळं मला माहीत होतं! दहावीला हाच प्रश्न आला होता. ‘वायूंचे सहज संपीडन होते, द्रव व स्थायूंचे होत नाही, कारणे द्या.’ मी तीन ओळींत कारणं दिली आणि पूर्ण गुण घेतले. रोज पेडलवर पाय ठेवून बसायची, पायाखाली तोच प्रश्न, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही की हे चाकाशी बसलेल्या माणसाला सांगावं. रविवारी यांना बोलून दाखवलं, ‘मला हे येत होतं.’

‘मग कधी बोलली नाहीस?’

‘तुम्ही कधी विचारलं नाहीत.’

‘तुला येतं हे मला काय माहीत?’

‘माहीत व्हायला विचारावं लागतं!’

यावर हे पाना घेऊन खाली गेले. त्या दिवशी दुपारी मी पण खाली गेले आणि न सांगता गाडीत जाऊन बसले. हे चाकाशी बसले. ‘दाब.’ दाबलं. ‘धर.’ धरलं. घोटा असा थरथरायला लागला, बारके, की मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. ‘सोड’ यायच्या आत पाय निसटला. नळीतून सुर्र करून हवा आत गेली. हे चाकामागून उठले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘राहू दे. वर जा.’ रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता हे ज्याची गाडी त्यालाच पेडलवर बसवतात. काय एकेक येतात! एकाला ‘धर’ म्हटलं तर त्यानं स्टिअरिंग धरलं.

खिडकीजवळचा कोपरा यांनी साफ केलाय. तिथं एक टेबल आलंय. भिंतीवर दुसरा खिळा, त्याला कामावर घालायची नवी डांगरी, लहान मापाची. मी विचारलं, ‘कुणासाठी?’ तर म्हणे, ‘असू दे एक जादा.’ हे मी तुला नुसतं बातमी म्हणून कळवते. तू एवढी शिकलेली. ग्रीसमध्ये हात घालायला तुला थोडंच जमणार आहे जन्मभर? चार महिने गंमत म्हणून ठीक. आईलाही ते आवडलं नसतं. तुझा क्लास काही वाईट नाही. कंटाळा आला तरी खुर्चीवर बसून येतो.

आई म्हणायची, ‘बारकी हुशार, थोरली शहाणी.’ मला तेव्हा वाटायचं, दोघींना सारखंच वाटून दिलंय. आता कळतं. हुशार मुलीला सगळे काही ना काही द्यायला बघतात. शहाणीला काही द्यावं लागत नाही. ती समजून घेते.

स्वेटर मिळाला का?

तुझी,
ताई


शुक्रवार, ११ एप्रिल

प्रिय बारके,

आधी हे वाच आणि मग श्वास घे: हे बरे आहेत. खांद्याजवळचं आडवं हाड मोडलंय, कपाळाला टाके पडलेत, उजवा हात गळ्यात आहे. पण घरी आहेत, जेवतात, काकांवर ओरडतात. जिवाची भीती नाही.

फोन करणार होते. दोनदा हातात घेतला. पण फोनवर ऐकलं असतंस तर तू मिळेल त्या गाडीनं निघून आली असतीस, आणि तू दारात उभी राहण्याआधी मला काही सांगायचंय. ते ऐकून मग काय ते ठरव.

गेल्या आठवड्यात बेकरीवाला त्याची गाडी घेऊन आला. ब्रेकचा मुख्य पंप बदलायचा होता. यांनी बदलला, आणि एअर काढायला त्यालाच पेडलवर बसवलं. त्याचा अर्धा जीव पावांकडे, अर्धा रस्त्यावर. ‘धर’ म्हटल्यावर धरायचा, आणि कुणी ओळखीचं दिसलं की हात हलवायला वळायचा, पाय ढिला. हे चाकामागून ओरडत होते. मला वर सगळं ऐकू येत होतं. दर वेळी तो पाय उचलायचा तेव्हा मला कळत होतं की आत्ता उचलला. खिडकीतून ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. मनात म्हटलं, बघू दे, माझ्यासारखा पाय मिळतो का.

शेवटी यांनी स्वतः पेडल दाबून बघितलं. चार वेळा भराभर दाबलं की आत हवा राहिलेल्या गाडीचंही पेडल वर येतं, कडक लागतं. यांना तरी शंका होतीच. म्हणाले, ‘तुझ्या हातात देत नाही. आधी मी फिरवून आणतो.’ म्हणून हे गेले. तो नाही गेला, हे गेले.

पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा उतार तुला आठवतो ना? वळणावर पेडल दाबलं ते थेट खाली टेकलं. परत दाबलं, परत टेकलं. पुढे रस्त्यावर माणसं होती. यांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे बांधकामाच्या वाळूत घातली. वाळूच्या मागे विटांचा ढीग होता, तो दिसला नव्हता. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पाव मात्र रस्ताभर झाले. काका धावत सांगायला आले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काकांच्या! मी तशीच अनवाणी निघाले.

हॉस्पिटलमध्ये यांना शुद्ध होती. कपाळावर पट्टी, ओठ सुकलेले. मी पाणी पाजलं. पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘बारकीचं उत्तर आलं का?’

बारके, आता सांगते.

फेब्रुवारीत, तू गेल्यावर लगेच, शाळेच्या सगळ्या बसगाड्यांचं काम यांच्याकडे आलं. कायमचं. एकट्याच्यानं होणारं नाही. यांनी मला बसवलं आणि म्हणाले, ‘बारकीला लिही. मदतनीस म्हणून नाही, भागीदार म्हणून ये म्हणावं. निम्मं निम्मं. पाटीवर तिचं नाव.’ मी म्हटलं, ‘तुम्हीच फोन करा की.’ तर म्हणाले, ‘मी विचारलं तर भिडेखातर हो म्हणेल. तू विचारलंस तर तिला नाही म्हणायला सोपं जाईल.’ असा विचार करणारा माणूस. आणि मी काय केलं? तुझ्या स्वेटरवर एक आख्खा परिच्छेद लिहिला.

दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत ते लिहिलं नाही. यांनी विचारलं की सांगायची, ‘लिहिलंय, विचार करतेय म्हणते.’ तू क्लासला कंटाळली आहेस हे माहीत असून ‘चिकटून राहा’ म्हणून लिहिलं. तू ‘नाही’ म्हणावंस म्हणून आईलासुद्धा मध्ये आणलं. तुझ्यातर्फे उत्तरं मी इथं बसून देत होते, आणि हे रोज टपालवाल्याच्या सायकलकडे बघत होते.

त्या पलंगाशी मी सगळं सांगून टाकलं.

‘म्हणजे तिला माहीतच नाही?’

‘नाही.’

‘का पण?’

‘तुम्ही तिच्याशी बोलता.’

‘मग? तुझ्याशी बोलत नाही?’

‘बोलता की. दाब, धर आणि सोड.’

मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस फक्त नर्सशी बोलले. मी डबा न्यायची, उघडायची, भरवायची. तोंड उघडायचे, घास घ्यायचे, पण नजर माझ्यावर नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. एवढंच सांगते की त्याही वेळी मला तुझाच राग येत होता. इतकं सगळं होऊनसुद्धा! माणूस किती कोता असू शकतो ते मला स्वतःकडे बघून कळलं.

घरी आणल्यावर, जिन्यात, काका एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून चढवत होतो, तेव्हा वळणाच्या पायरीवर हे थांबले. मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, ‘तुला काय पाहिजे?’

मी म्हटलं, ‘पाणी आणू?’

‘मला नको. तुला. तुला काय पाहिजे ते मी विचारलंच नाही. लिही म्हणून सांगितलं फक्त.’

काका बिचारे खांदा देऊन उभे, छताकडे बघत, जणू ते तिथं नाहीतच. बारके, कुणी विचारेल अशी तयारीच नव्हती. कठडा धरून मी तिथंच रडायला लागले. मग काकाच म्हणाले, ‘वहिनी, जे असेल ते वर जाऊन मागा. माझं कंबरडं मोडायला आलंय.’

वर जाऊन मी मागितलं. मला दिवसभर वरच्या खोलीत राहायचं नाही. फळ्यांतून ऐकायचं नाही. पेडलवरचा पाय गेला तर जाऊ दे. गाड्या येतात त्यांची नोंद ठेवायची, गिऱ्हाइकांशी बोलायचं, सामान मागवायचं, हे काम मी करणार, खाली, खिडकीजवळच्या टेबलावर. आणि काही काम चाललं असेल तर ते का तसं करायचं, हे मला पण सांगायचं. न विचारता. यांनी मान हलवली. म्हणाले, ‘मला सांगता येत नाही गं नीट.’ मी म्हटलं, ‘तिला सांगता येत होतं.’ तर म्हणाले, ‘मी तिला काही सांगतच नव्हतो. ती विचारत होती.’

मग मी विचारलं. पहिलाच प्रश्न. इतक्या वर्षांत ब्रेकमध्ये हवा राहिलेली तुम्हाला चाकाशी बसून कशी कळायची? हे उठून बसले, डाव्या हातानं चादरीवर नळी काढून दाखवायला लागले. पुष्कळ बोलले. दुखत होतं तरी बोलले. काही मला कळलं, काही नाही. जेवण पार निवून गेलं.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नकोस. अजून मध्येच गप्प होतात आणि मला कळतं की ते खोटं आठवलंय. आठवू दे. खोटं बोलले तर होतेच मी.

तर आता, यांचे शब्द, यांच्याच तोंडचे, लिहिते: ‘बारकीला म्हणावं, निम्मं निम्मं आता राहिलं नाही, तीन वाटे होतील, कारण तुझी ताई खाली आलीय. पटलं तर ये. नाही पटलं तर मोकळेपणी नाही म्हण. मी दुसरा माणूस बघीन. राग नाही.’

आणि हे माझे शब्द.

मला अजून तुझा हेवा वाटतो. हे लिहितानाही वाटतोय. तू आलीस आणि खाली दोघं हसलात तर मी टेबलावरून मान वर करून विचारीन, ‘काय झालं?’ आणि तुम्हाला मला सगळं परत सांगावं लागेल, विनोद शिळा झाला तरी. कधी मी फटकन बोलेन. तुला ते सोसावं लागेल. हेव्यावर औषध नाही, डॉक्टरांना विचारायची सोय नाही. पण आता तो मी तोंडावर दाखवीन. आडून नाही.

तू ‘नाही’ म्हणालीस तर खरं सांगू? एक दिवस मला बरं वाटेल. एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून तुझ्याशिवाय घर खायला उठेल, कारण मला हसवणारंही इथं दुसरं कुणी नाही. मी घसरले तेव्हा तू परीक्षेचे पेपर तपासायचे टाकून आलीस. माझी वेणी तू घालत होतीस. ते मी दोन पत्रांत कुठं लिहिलं? छर्रे तेवढे लिहिले.

ये, बारके. मी बोलावतेय. यांनी सांगितलं म्हणून नाही.

हे पत्र मी यांना वाचून दाखवणार नाही, पण पाकीटही चिकटवणार नाही. उघडंच यांच्या डाव्या हातात देते. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, तेवढं चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. वाटेत वाचायचं असेल तर वाचू देत.

तुझ्यावर जळणारी, आणि तरी दाराकडे डोळे लावून बसलेली,
ताई